एका माणसासाठी खोली

ज्या माणसाचा डबा मी बत्तीस वर्षं भरला, त्याने स्वतःच्या म्हातारपणाच्या आराखड्यात मला धरलंच नव्हतं. हे मला कळलं माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या ऑफिसात, भर दुपारी, समोर लस्सीचा ग्लास असताना. मी अन्न टाकणारी बाई नाही, पण त्या दिवशी लस्सी तशीच राहिली.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर यांची बाजू कोणी ऐकूनच घेणार नाही.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. माझ्या आणि यांच्या, दोन्हीकडच्या पूर्वजांपैकी कोणीतरी दरबारात कारकुनी करायला दक्षिणेतून इकडे आलं आणि इथलंच झालं. झालं म्हणजे राहायला. बोलायला नाही. आमच्या घरांतून बोलण्याची एक रीत आहे. 'आपल्याकडे' म्हटलं की महाराष्ट्र, आणि 'इथे' म्हटलं की ग्वाल्हेर. आपल्याकडे मुंज अशी होते, इथे सगळा गोंधळ. आपल्याकडे पोळी पातळ असते, इथे जाड. पाच पिढ्या 'इथे' जन्मल्या आणि 'इथे'च गेल्या. 'आपल्याकडे' त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलं ते एखाद्या लग्नाला जाऊन, तीन दिवस. तरी लग्नपत्रिकेवर मूळ गाव म्हणून साताऱ्याकडचं एक खेडं छापायचं. त्या खेड्यात आम्हाला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही.

मी या रीतीतच वाढले आणि जरा जास्तच वाढले. लग्न झालं तेव्हापासून माझं ठरलेलं होतं की नोकऱ्या संपल्या की आपण आपल्याकडे परत जायचं. जिथे कधी राहिलोच नाही तिथे 'परत' कसं जाणार, हा प्रश्न मला पडला नाही. मी शाळेत गणित शिकवते, तरी नाही पडला.

मग सगळा संसार या एका हिशोबाने झाला. नया बाजारात वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या भाड्याने घेतल्या त्या तात्पुरत्या. तात्पुरत्या खोल्यांत बत्तीस वर्षं गेली. या काळात ग्वाल्हेरात घर घ्यायची संधी तीनदा चालून आली. एकदा तर कंपू नावाच्या भागातल्या एका गृहस्थांनी आपण होऊन विचारलं, किंमतही वाजवी होती, पुढे छोटं अंगण होतं. मी म्हटलं, जायचंच आहे तर इथे कशाला पैसे अडकवायचे. हे म्हणाले, बरं. ओटा फुटला तर मी बदलू दिला नाही, भिंतीत कपाट करून घेतलं नाही. पैसे जात होते पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यांत. पंधरा वर्षं हप्ते भरले, फ्लॅट आमचा झाला, आणि त्यात भाडेकरू राहत होते. आम्ही तिथे एक रात्रही काढली नव्हती.

आमचे हे सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. इतरांचे पूल, कालवे, टाक्या कागदावर सुबक रेखाटण्यात जन्म गेला. बोलणं बेताचं. मी काही सांगितलं की 'बरं', फारच पटलं नाही तर 'बघू'. पुण्याच्या बाबतीत ते कधी 'बघू'सुद्धा म्हणाले नव्हते, त्यामुळे मी निश्चिंत होते.

या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. माझी निवृत्ती दिवाळीच्या सुमाराला आणि यांची त्यानंतर चार महिन्यांनी, हे ठाऊकच होतं. त्यात घरमालकाच्या मुलाने येऊन हात जोडून सांगितलं की त्यांना इमारत पाडायची आहे, दिवाळीपर्यंत जागा रिकामी करा. मला तर शुभशकुनच वाटला. बंगळुरूला असलेल्या आमच्या मुलीने मात्र फोनवर धोशा लावला, की उड्या मारण्याआधी कोणा जाणत्याला सगळे कागद दाखव, पैसे किती वर्षं पुरतील ते विचार. जाणती निघाली माझीच विद्यार्थिनी. महाराज बाडा म्हणजे इथला मोठा चौक, तिथे साड्यांच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. लोकांना निवृत्तीचे आराखडे करून देते. शाळेत असताना तिला भागाकार येत नव्हता.

तिने आमच्या पासबुकांकडे पाहिलंही नाही. दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला आणि म्हणाली की मॅडम, पैशाचं नंतर, पहले ये लिखिए की निवृत्तीनंतर तुम्हाला काय काय करायचं आहे. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. वर मलाच डोळे मिचकावून 'नक्कल नहीं चलेगी' असंही म्हणाली. ज्या पोरीच्या बाकाखालून मी चिठ्ठ्या काढल्या होत्या तिने हे मला म्हणावं.

मी अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी झाले. 'पुण्याला जाणे.' त्याखाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'पुण्याच्या घरात ओटा आणि कपाटं करून घेणे' असं लिहिलं. हे मात्र लिहीतच होते. मान खाली, ते सुबक ड्राफ्ट्समनी अक्षर. मला हसू येत होतं. म्हटलं, बघा, मनात किती साठलंय पुण्याबद्दल.

दोन्ही कागद तिने घेतले. माझा वाचला, मान डोलावली. यांचा मोठ्याने वाचायला लागली. पहिलं होतं, लष्कर भागातल्या जुन्या घरांचे दगडी झरोके आणि जाळ्या यांची मापं घेऊन नकाशे काढणे, कारण घरं पाडली जात आहेत. पुढे कंसात, खर्च फार नाही, कागद आणि शाई. दुसरं होतं, संध्याकाळी बाड्यावर जाऊन बसणे. मी मनात म्हटलं, हे काय, बाडा काय पुण्यात नेणार आहेत का. तोवर ती तिसऱ्यापाशी येऊन थांबली. एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळू आवाजात वाचलं, "कंपूत एक खोली, भाड्याने. एका माणसासाठी."

पायाखालची जमीन सरकणे असं मी मुलींच्या निबंधांत शंभरदा वाचलंय आणि शंभरदा त्याखाली लाल रेघ मारली आहे, की स्वतःचं काहीतरी लिहा. पण खरंच सरकते. मी खुर्चीचा हात धरला.

"सर, एका?" तिने विचारलं.

हे शांतपणे म्हणाले की हो. ही पुण्याला जाणार, तिची तीस वर्षांची इच्छा आहे, ती पुरी व्हायला हवी. आपल्याला ग्वाल्हेर सुटणार नाही. तेव्हा तिथलं घर तिला, इथे एक खोली आपल्याला. त्यासाठी गेली अकरा वर्षं पगारातून थोडं थोडं वेगळं टाकत आलो आहे, खोलीची अनामत आणि पहिल्या दोन वर्षांचं भाडं त्यातून सुटेल. हे सगळं त्यांनी जसं पुलाच्या खांबांतलं अंतर सांगावं तसं सांगितलं. भांडण नाही, तक्रार नाही. सणावारी मी तिकडे जाईन, उन्हाळ्यात ती इकडे येईल, असंही म्हणाले. उन्हाळ्यात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात मला बोलावत होते.

त्या पोरीने बिचारीने आकडेमोड करून दाखवली. दोन संसार यात चालणार नाहीत, मॅडम, बारा-तेरा वर्षांत सगळं संपेल. एकतर दोघं तिकडे जा, नाहीतर फ्लॅट विकून दोघं इथे छोटं घर घ्या. मला एवढंच दिसत होतं की या माणसाने माझ्यावाचून जगायची तयारी अकरा वर्षांपूर्वी सुरू केली, आणि त्या अकरा वर्षांत रोज संध्याकाळी माझ्या हातचा चहा घेतला.

घरी आल्यावर मी बोलले, आणि खालच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं इतकं बोलले. बायकोला टाकायचं होतं तर तसं सांगायचं, असं मी म्हटलं. लोक काय म्हणतील, पोरीला काय सांगू, असलं सगळं म्हटलं. शेवटी श्वास लागला तेव्हा विचारलं, की बत्तीस वर्षांत तोंडातून एक अक्षर का काढलं नाहीत?

हे पलंगावर बसले होते. म्हणाले, "तू विचारलं नव्हतंस. तू सांगत होतीस."

मला उत्तर सुचलं नाही की मी चिडते. पुण्याचा भाडेकरू एप्रिलअखेर गेलाच होता. शाळेला सुट्टी लागली होती. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. म्हटलं, तुमची खोली तुम्हाला लखलाभ, मी चालले माझ्या घरी. हे म्हणाले, पाण्याची बाटली घे, गाडीत गरम होईल. स्टेशनवर सोडायला आले, बॅग नीट सीटखाली सरकवली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. मी दुसरीकडे पाहत बसले.

पुणं मला आवडलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पहिल्या सकाळी बाल्कनीत उभी राहिले आणि खालून दोन बायका मराठीत भांडताना ऐकल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. जन्मभर मराठी ही घरातली आणि सणावारची भाषा. रस्त्यावरचं भांडण मराठीत ऐकण्याचं सुख ज्यांना रोज मिळतं त्यांना ते कळायचं नाही. संध्याकाळी एकटी जाऊन नाटक पाहिलं. दुकानांच्या पाट्या वाचत, शुद्धलेखनाच्या चुका काढत हिंडले.

तिसऱ्या दिवशी भाजीला गेले. माझ्या मते अस्सल मराठीत भाव विचारला. भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत उत्तर दिलं. मी पुन्हा मराठीत बोलले, तिने पुन्हा हिंदीत. मला वाटलं तीच परप्रांतीय असेल. पण माझ्यामागच्या बाईशी ती घडाघडा मराठीत बोलली. घरी आले तर शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. कुठल्या, काय, चौकशी झाली. ग्वाल्हेरच्या म्हटल्यावर त्या अगदी मनापासून म्हणाल्या की अय्या, मग मराठी किती छान बोलता हो तुम्ही. पाहुणा आपली भाषा बोलला की करतात तसलं ते कौतुक. मी आयुष्यभर ग्वाल्हेरच्या शेजारणींना असंच कौतुकाने म्हणत आले आहे की पोळी किती छान करता हो. दार लावून घेतलं आणि तशीच चपला न काढता उभी राहिले.

तरी माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. सुताराला बोलावून कपाटांची मापं दिली. ओट्याचा दगड निवडला. मग पाचवा दिवस उजाडला. न्याहारी झाली, भांडी झाली, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला. ओटा ठरला होता, कपाटं ठरली होती, पुण्याला येऊन झालं होतं. आयुष्याचं उद्दिष्ट पुरं झालं होतं आणि सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि पुन्हा लिहायला बसले. आता तर नक्कल करण्याचीही सोय नव्हती. काय काय करायचं आहे? बराच वेळ पेन धरून बसले. एवढं मात्र लक्षात आलं, की पुण्याच्या घराचं चित्र जेव्हा जेव्हा डोळ्यांपुढे आणलं तेव्हा त्यात हे होते. बाल्कनीत पेपर वाचत बसलेले, 'बरं' म्हणणारे. मी त्यांना विचारलं नव्हतं ते खरं. पण मी त्यांना कुठे वगळलंही नव्हतं. आपला माणूस असा न विचारता चित्रात बसवून टाकणं, हेही काही बरं नव्हे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या रिकाम्या हॉलमध्ये कळलं, आणि लाज वाटली.

रोज रात्री आठला मी यांना फोन करत असे. जेवण झालं का? झालं. काय जेवलात? वरणभात. चार दिवस वरणभात म्हटल्यावर मी धरून चालले की डबा लावला असणार आणि डबेवाली निगरगट्ट असणार. तब्येत? बरी. मग मी फोन ठेवत असे.

नवव्या दिवशी मी न कळवता निघाले. ग्वाल्हेरला उतरले तेव्हा रविवारची टळटळीत दुपार होती, लूचे गरम झोत येत होते, रिक्षावाला तोंडाला गमछा बांधून बसला होता. मला म्हणाला, अम्मा, नया बाज़ार? मी काही न बोलता त्याला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक तो नेहमी तिकडच्याच सवाऱ्या नेत असेल.

जिना चढत होते तर वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं शेजारून येतेय. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जागच्या जागी थांबले. ज्या माणसाला बत्तीस वर्षांत चहापत्तीचा डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, तो ओट्यापाशी उभा राहून फोडणी करत होता. आधी मोहरी, ती तडतडली, मग हिंग, मग हळद. क्रम बरोबर. गॅस बारीक केला, वरण ओतलं, वाफेपासून तोंड बाजूला केलं. ही सफाई नऊ दिवसांत येत नाही. मला स्वयंपाकाला सरावलेल्या माणसाचा हात ओळखता येतो.

ओट्यावरच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला होता, मी गेले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याच सुबक अक्षरात. तांदूळ एक वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, शिट्ट्या तीन. डाळ अर्धी वाटी. वर्तमानपत्रात पुलाचा आराखडा छापावा तसा कुकरचा उभा छेदही काढला होता, खाली डाळ, वर तांदूळ. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

त्यांनी वळून पाहिलं. दचकले, पण चमचा सोडला नाही. कधीपासून, असं मी विचारलं. वर्ष होईल, म्हणाले. रविवारी सकाळी मी महिला मंडळात गेले की ते शिकत होते. करपलेलं खाली गाईला घालत होते. वर्षभर तूरडाळ लवकर संपते म्हणून मी कामवालीवर डोळे वटारत होते, तिला एकदा तोंडावर बोललेही होते. तो कागद सगळी भांडी झाकून टाकेल इतका मोठा वाटायला लागला मला. पैसे बाजूला टाकणं मी समजू शकले असते, पुरुष काय काय मनात ठरवतात. पण हा माणूस माझ्या पाठीमागे, माझ्याच ओट्यावर, माझ्याच डब्यांतली डाळ घेऊन माझ्यावाचून जेवायची सवय करत होता.

"बस," म्हणाले. "वाढतो."

मी हातपाय न धुताच बसले. त्यांनी ताट वाढलं. भाताची मूद नव्हती, पण भात मोकळा होता. लिंबाची फोड होती. मी पहिला घास घेतला. कुठेतरी मीठ कमी असेल, हिंग जळला असेल, डाळ कच्ची राहिली असेल असं मनातून फार वाटत होतं. वरण अगदी बरोबर झालं होतं. आणि मी घाबरले. त्या ऑफिसात घाबरले नव्हते इतकी घाबरले, कारण तिथे ती फक्त कागदावरची एक ओळ होती.

दोन-चार घास झाल्यावर मी म्हटलं की पुण्याचा फ्लॅट विकून टाकू. सुताराला तिथूनच नको म्हणून सांगून आले आहे. उद्या त्या पोरीकडे जाऊ आणि कागद पुन्हा भरू, आणि या खेपेला तुमचं आधी. तुम्हाला घर कुठे हवं, किती खोल्या, झरोक्यांचे नकाशे पसरायला केवढं टेबल, ते तुम्ही सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं.

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला. हसले नाहीत. मग विचारलं, की तू रागात ठरवत नाहीस ना, इथे तुला करमेल का.

"करमेल की नाही ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला माझ्यावाचून करमायला लागलं, तर मी कुठे जाऊ?"

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. ओट्याच्या फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"वरण जमलं," ते म्हणाले. "ते नाही जमलं."